आधी अदमास, मग मोबाईल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा विषय त्यांनीच ठरवून टाकला होता. "तू सॉफ्टवेअरमधली, तू एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे आता आपल्या बसस्टँडवरही सापडतील, मला तोंडी हिशोबावर बोलू द्या. पलीकडून जरा वेळ आवाजच आला नाही. मग उत्तर आलं, "बरं, पण पंधरा मिनिटांत आवर. नंतर जेवण आहे." म्हणून घड्याळ समोर ठेवूनच उभी आहे.

विषय मी उगीच उकरून काढलेला नाही. आपल्या बॅचच्या ग्रुपवर सुविचार आणि वाढदिवस सोडले, तर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे. पोरगा सातवीत आहे, शंभरातून त्रेसष्ट गेले तर किती उरले हे मोबाईलशिवाय सांगता येत नाही, काय करू? त्यावर लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मोबाईल खिशात आहे ना, मग कशाला डोकं शिणवायचं. दुसरा तट अबॅकसच्या क्लासचा पत्ता पाठवतो. मला दोन्ही पटत नाहीत. तोंडी हिशोब वेगासाठी नसतो. वेगात आपण मोबाईलला हरवू शकत नाही आणि हरवायचं कारणही नाही. उत्तर साधारण किती यायला हवं, हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपल्याला माहीत असावं, यासाठी तो असतो. आपल्याकडे याला चांगला शब्द आहे, अदमास.

माझ्या कामातलंच सांगते. आम्ही बिलं काढणारं सॉफ्टवेअर बनवतो. मध्यंतरी टीममधल्या एका हुशार मुलाने महिन्याचा अहवाल पडद्यावर दाखवला. ग्राहक तीन लाख, सरासरी बिल 400 रुपयांच्या आसपास, आणि खाली एकूण रक्कम 1 कोटी 20 लाख. अहवाल दिसायला फार देखणा होता. रंगीत आलेख, सगळं जागच्या जागी. मी विचारलं, "तीन चोक किती?" तो गोंधळला. तीन चोक बारा. शंभर लाखांचा एक कोटी, म्हणजे लाखाला शेकड्याने गुणलं की कोटी येतात. उत्तर बारा कोटी हवं. एक शून्य कुठेतरी गळालं होतं, आणि शोधायला त्याला दुपार लागली. पण गळालंय हे कळायला कॅल्क्युलेटर लागला नाही. त्या मुलाचं गणित माझ्याहून चांगलं आहे, हे मुद्दाम सांगते. त्याला फक्त आकड्याकडे संशयाने बघायची सवय नव्हती.

ही सवय मला कॉलेजात लागलेली नाही. घरी लागली.

माझी आई चौथी शिकलेली. तिचे वडील किराणा दुकानात मुनीम होते, आणि त्यांनी मुलींनाही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ करून घेतली होती. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ही नावं ऐकली असतील, पाढे पाठ असतील असं नाही. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, सवायकी सव्वाचा. औट म्हणजे साडेतीन, त्याची औटकी. आपल्या वेळी शाळेत तीसपर्यंतचे पाढे होते, पण अपूर्णांकांचे हे पाढे अभ्यासक्रमातून कधीच गेलेले होते. ते घरात उरले होते, तेही ज्यांच्या घरात मापं-तराजू होता त्यांच्याच.

मी नववीत असताना आम्ही कांद्याची ट्रॉली घेऊन एका बाजारात गेलो होतो. बाजाराचं आणि व्यापाऱ्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. काट्याची चिठ्ठी होती 18 क्विंटल 75 किलो. भाव लागला 640. संध्याकाळी हिशोबाची पट्टी हातात आली, तिच्यावर एकूण रक्कम 11,200, आणि त्याखाली हमाली, तोलाई वगैरे नेहमीच्या वजावटी. मी वही काढली. दशांश चिन्ह नीट मांडलं आणि 18.75 गुणिले 640 असा उभा गुणाकार सुरू केला. माझी दुसरी ओळ व्हायच्या आत आई त्या दिवाणजीला म्हणाली, "भाऊ, बारा हजार व्हतस. पट्टी आखो देखा."

तिने काय केलं ते तिने मला ट्रॉलीवर बसून सांगितलं. पावणेएकोणीस क्विंटल म्हणजे विसाला सव्वा कमी. विसाचे बारा हजार आठशे. सव्वाचे, सवायकीप्रमाणे, आठशे. राहिले बारा हजार. एवढंच. आणि पुढचं मला आजही जास्त मोलाचं वाटतं. पट्टीवर आठशे कमी, आणि आठशे म्हणजे सव्वा क्विंटल, हे तिच्या तोंडात आधीच होतं. म्हणून तिने तिथेच पुढचा प्रश्न विचारला, सव्वा क्विंटल माल कुठे गेला? चिठ्ठी आणि पट्टी शेजारी ठेवली तेव्हा दिसलं, की पट्टीवर वजन साडेसतरा उतरवलं होतं. मुद्दाम की नजरचुकीने, देव जाणे. दिवाणजीने काही न बोलता पट्टी बदलून दिली. त्या वेळचे आठशे रुपये म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्यांच्या पोरांना मी सांगायला नको. आणि आमच्या मागे पट्टी घ्यायला उभ्या असलेल्या माणसाने ती न बघता घडी करून खिशात घातली, हेही मला आठवतं.

आता जरा लांबचं सांगते, पण ते आपल्या खान्देशातलंच आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती' लिहिली. तिच्यात गुणाकाराचं एक उदाहरण आहे, 135 गुणिले 12. आपल्याला शाळेत याची एक रीत शिकवली, एकाखाली एक मांडायची. आचार्य एकावर थांबत नाहीत. बाराचे आठ आणि चार करा, म्हणजे 1080 आणि 540, बेरीज 1620. किंवा बाराचे तीन चोक करा, आधी तिनाने गुणा, मग चाराने. किंवा बाराऐवजी विसाने गुणा आणि आठपट वजा करा, 2700 वजा 1080, पुन्हा 1620. विसाने गुणून जास्तीचं काढून टाकणं! माझ्या आईने ट्रॉलीवर तेच केलं होतं. तिने भास्कराचार्यांचं नाव फक्त उपग्रहाच्या बातमीत ऐकलेलं होतं.

चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला, असं त्यात कोरलं आहे. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी देणग्यांची गोष्ट आली की भाषा जुनी मराठी होते. आणि देणगी कसली? पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा जो वाटा होता, तो मठाला दिला. म्हणजे आपल्या भागातली गणिताची ती शाळा बाजाराच्या पैशावर चालणार होती. मला ही गोष्ट फार आवडते. नंतर कुठेतरी शाळा आणि बाजार यांची फारकत झाली.

ही फारकत किती खोल आहे, ते ब्राझीलमधल्या एका अभ्यासात दिसतं. 1985 साली तो प्रसिद्ध झाला. रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणारी पाच मुलं होती. अभ्यासक गिऱ्हाईक बनून त्यांच्याकडे गेले आणि हिशोब विचारले. शंभरातले जवळजवळ 98 बरोबर. मग तेच हिशोब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिले. 37 बरोबर. एका मुलाला विचारलं, पस्तीसचा एक तर दहा नारळ कितीला? तो दहाने गुणत नाही. तिनाचे एकशे पाच, आणखी तिनाचे दोनशे दहा, असं करत तीनशे पंधरा, आणि एक पस्तीस, साडेतीनशे. शाळेच्या हिशोबाने ही रीत लांबची. पण पायरी-पायरीला त्या मुलाला माहीत होतं, की आपण किती नारळांपर्यंत पोचलो आहोत. कागदावर ते नारळ नाहीसे झाले आणि उरले नुसते अंक.

आपल्या आठवडे बाजारात पश्चिमेच्या डोंगरपट्टीतून भाजी घेऊन येणाऱ्या बायांकडे कधी लक्ष दिलंत? "कितला व्हयनात?" विचारलं की पिशवीत भरता भरता उत्तर येतं. आता त्यांच्यासमोर क्यूआर कोडचा पुठ्ठा असतो, पण आकडा त्या आधी तोंडाने सांगतात आणि मग तुम्ही मोबाईल काढता. क्रम बरोबर आहे. आपण आपल्या पोरांना हा क्रम उलटा शिकवलाय.

इथे माझ्या धंद्यातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुठल्याही संगणकाला, साध्या पद्धतीने, शून्य पूर्णांक एक अधिक शून्य पूर्णांक दोन विचारा. उत्तर नुसतं शून्य पूर्णांक तीन येत नाही. तीननंतर पंधरा शून्यं आणि मग एक चार येतो. नवीन इंजिनियर पहिल्यांदा हे बघतो तेव्हा त्याला वाटतं मशीन बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. संगणकाच्या पोटात सगळं दोनवर चालतं. त्याला अर्धं करता येतं, अर्ध्याचं अर्धं करता येतं, म्हणजे पाव, मग अर्धा पाव, आणि असंच पुढे. पण अर्धं-अर्धं करत कितीही खाली गेलात तरी बरोबर दहावा भाग कधीच सापडत नाही. म्हणून तो जवळचा आकडा धरतो आणि शेवटी कुठेतरी चार उरतो. बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी रक्कम पैशांच्या पूर्ण संख्येत ठेवतात किंवा दशांशासाठी वेगळी सोय करतात.

पण पाव? निम? पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट? हे सगळे संगणकाला अगदी तंतोतंत कळतात. पाव अधिक निम म्हणजे पाऊण, एका कणाचाही फरक नाही. आजोबांच्या पावकीचे आकडे नेमके यंत्राच्या भाषेतले आहेत! जुनं चलनही तसंच होतं. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट. शेराचे छटाकही सोळाच. तराजूत अर्धं-अर्धं करणं सगळ्यात सोपं, म्हणून मापं तशी झाली असावीत असं मला वाटतं. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर झाले, पुढे किलो आले, आणि औटकीचं कामच संपलं. दशमान पद्धत सोयीची आहे, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण पाव आणि अर्धा यांना धरून विचार करायची जी सवय होती ती टाकायची गरज नव्हती. चार आण्याचं नाणं 2011 साली चलनातून गेलं. आपण अजूनही "बारा आणे काम झालं" म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते पंचाहत्तर टक्क्यांपेक्षा लवकर कळतं.

मग घरी करायचं काय? पाढे पाठ हवेतच. निदान वीसपर्यंत, आणि पाव, सव्वा, दीडचे दहापर्यंत. याला पर्याय मला सापडलेला नाही, आणि पाठांतर वाईट असं म्हणणाऱ्यांची मुलं सिनेमाची गाणी पाठांतरानेच म्हणतात. पण पाढे हा कच्चा माल झाला. खरं काम आकडा फोडण्याचं. एकोणीस सत्रे किती? विसाला एक कमी: तीनशे चाळीसमधून सतरा गेले, तीनशे तेवीस. पंचवीसने गुणायचं तर चाराने भागून शंभर करा. पाचाने गुणायचं तर अर्धं करून दहा. पंचाहत्तरचे चार टक्के अवघड वाटतात, तर उलटवा, चाराचे पंचाहत्तर टक्के, म्हणजे तीन. दुकानात 2,450 च्या वस्तूवर अठरा टक्के जीएसटी? दहा टक्के 245, वीस टक्के 490, त्यातून दोन टक्क्यांचे 49 गेले, 441. दुकानदाराचा प्रिंटर अजून खरखरत असतो. या सगळ्यात नवीन युक्ती एकही नाही. जवळचा सोपा आकडा धरायचा आणि फरक नंतर फेडायचा, एवढी एकच गोष्ट आहे.

बेरीज मात्र डावीकडून करायला शिकवा. कागदावर आपण एककापासून सुरू करतो कारण हातचा लिहायचा असतो. तोंडी करताना 478 आणि 356 यांचे आधी शेकडे घ्या, सातशे. मग सत्तर आणि पन्नास, आठशे वीस. मग चौदा, आठशे चौतीस. मध्येच कोणी थांबवलं तरी मोठा भाग हातात असतो. उजवीकडून गेलात आणि थांबलात तर हातात फक्त चार असतो.

इथे मराठीची एक अडचण आहे, ती लपवू नये. आपण अठ्ठ्याहत्तर म्हणतो तेव्हा आठ आधी ऐकू येतो, लिहिताना सात आधी येतो. चारशे अठ्ठ्याहत्तर ऐकताना कान चार, आठ, सात असा उलटसुलट धावतो. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी सोपी मांडणी आणली, तेव्हा केवढा गहजब झाला आठवतं? विनोद झाले, विषय विधानसभेपर्यंत गेला. मंगला नारळीकर गणित समितीच्या प्रमुख होत्या, त्यांनी शांतपणे सांगितलं की लहान मुलांना संख्या कळायला हे सोपं जातं. मला स्वतःला सत्तावीस, अठ्ठ्याहत्तर ही नावं जावीत असं अजिबात वाटत नाही. बाजार त्यांच्यावरच चालतो. पण ज्या पोराच्या घरी अहिराणी किंवा कोकणी बोलतात आणि जे शाळेत पहिल्यांदा प्रमाण मराठी ऐकतं, त्याला एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळ होतो तेव्हा ते मठ्ठ नसतं. जर्मन मुलांनाही हाच त्रास आहे, तेही एकवीसला 'एक आणि वीस' म्हणतात. दोन्ही नावं मुलाच्या कानावर पडली तर बिघडतं काय? मला त्या वेळची थट्टा आवडली नव्हती.

सराव कुठे करायचा, असं विचाराल. दुकानात, पेट्रोल पंपावर, एसटीत. एकच नियम: आधी अदमास सांगायचा, मग मोबाईल काढायचा. अदमास चुकला तर रागवायचं नाही. किती चुकला तेवढं बघायचं. आणि मुलं कंटाळली तर त्यांना कापरेकरांचा खेळ द्या. द. रा. कापरेकर आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पुढे 1975 साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला ते कळले. समोरच्या एमएच 18 गाडीचा चार अंकी नंबर घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. समजा 3524. अंक उतरत्या क्रमाने लावा, 5432. चढत्या क्रमाने, 2345. वजाबाकी 3087. पुन्हा तसंच: 8730 वजा 0378, 8352. पुन्हा, 8532 वजा 2358, 6174. आता यापुढे कितीही वेळा करा, 6174 च येणार. कुठल्याही गाडीपासून सुरू करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचाल. माझ्या मुलीने पुण्याहून इथे येईपर्यंत अकरा गाड्या केल्या, तोंडीच, आणि वजाबाकीचा सराव होतोय हे तिच्या लक्षातही आलं नाही.

संयोजक घड्याळ दाखवतायत. सरांकडून एक चिठ्ठीही आली आहे, ती वाचून थांबते. सरांचं अक्षर अजून तसंच आहे. लिहिलंय: "औटकी म्हणालीस, आता औट साते किती ते सांग. बोटं मोजायची नाहीत."

सर, साडेचोवीस.